गोमुखी प्लॉट आणि कुठेच नसलेले २७५ चौरस फूट

शनिवारी सकाळी सव्वाआठला फोन वाजला की दोनच शक्यता असतात. एक तर ऑफिसचा कुठला तरी सर्व्हर आडवा झालाय, नाहीतर मामांचा फोन आहे. या वेळी मामा होते. (सर्व्हर परवडला असता, पण ते पुढे कळेलच.)

"अरे, समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ कसं काढतात रे? शाळेत होतं बघ आपल्याला."

"अर्धा गुणिले समांतर बाजूंची बेरीज गुणिले उंची," मी झोपेतच म्हणालो. काही गोष्टी हाडात मुरलेल्या असतात. "का हो मामा?"

"मग माझं उत्तर आणि एजंटचं उत्तर जुळत का नाही?"

तर झालं असं होतं. मामा निवृत्त झाले. आता फंडाच्या पैशातून तालुक्याच्या गावी गावठाणातला एक प्लॉट घ्यायचा त्यांचा विचार होता. प्लॉट गोमुखी, म्हणजे पुढे अरुंद आणि मागे रुंद. वास्तुवाले याला शुभ मानतात, आणि उलटा असला की व्याघ्रमुखी म्हणून नाकं मुरडतात. भूमितीच्या दृष्टीने दोघंही समलंब चौकोनच, फक्त तोंड कुठे ते वेगळं. असो.

मापं अशी: रस्त्याकडची बाजू ४० फूट, मागची ७०, डावीकडची ४० आणि उजवीकडची तिरकी बाजू ५०. मागे जुनी गल्ली आहे आणि ती रस्त्याला समांतर आहे. जुन्या खरेदीखतात चारही बाजूंची मापं होती, पण क्षेत्रफळाचा आकडा एजंटने काढलेला होता. त्याची पद्धत सोपी. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. ४० आणि ७० ची सरासरी ५५. ४० आणि ५० ची सरासरी ४५. ५५ गुणिले ४५, झाले २४७५ चौरस फूट. भाव दोन हजार रुपये फूट. एकूण ४९ लाख ५० हजार.

मामांनी शाळेतलं सूत्र लावलं. ४० अधिक ७० म्हणजे ११०, त्याचे निम्मे ५५. गुणिले उंची. पण उंची किती? इथे मामा अडले होते, म्हणून फोन.

उंची काढायला काही विशेष लागत नाही. उजवीकडची तिरकी बाजू मनातल्या मनात उचला आणि सरकवत डाव्या बाजूला आणून चिकटवा. मधला ४० फुटी पट्टा निघून गेला, उरला एक त्रिकोण. त्याचा पाया ७० वजा ४० म्हणजे ३०, आणि बाकीच्या दोन बाजू ४० आणि ५०. तीस-चाळीस-पन्नास! कुठल्याही गवंड्याला विचारा, तीन-चार-पाचचा त्रिकोण म्हणजे काटकोन. म्हणजे डावी बाजू रस्त्याला काटकोनात आहे आणि तीच उंची, ४० फूट. क्षेत्रफळ ५५ गुणिले ४०, २२०० चौरस फूट.

२४७५ वजा २२००. फरक २७५ चौरस फुटांचा. दोन हजारांच्या भावाने साडेपाच लाख रुपये, आणि तेही अशा जमिनीचे जी कुठेच नाही.

"म्हणजे तो एजंट फसवतोय का रे?" मामा.

प्रामाणिकपणे सांगतो, मला पहिल्यांदा तसंच वाटलं. पण रविवार दुपारपर्यंत मत बदललं, आणि हे सगळं लिहायला बसलो ते त्याचमुळे. मला वाटतं, एजंट फसवत नव्हता. त्याने सूत्र पाठ केलं होतं, फक्त त्या सूत्राची अट त्याला कुणी सांगितलीच नव्हती. आणि यात तो एकटा नाही. आपण सगळे तसेच शिकलो आहोत.

आधी बघू की बरोबर सूत्र बरोबर का आहे. समलंब चौकोनाची पुठ्ठ्याची दोन सारखी तुकडी कापा. एक उलटं फिरवून दुसऱ्याच्या तिरक्या बाजूला लावा. समांतरभुज चौकोन तयार होतो. पाया ४० अधिक ७०, म्हणजे ११०, उंची तीच ४०. क्षेत्रफळ ४४००, त्याचं निम्मं २२००. झालं. त्या 'अर्धा गुणिले' मधला अर्धा इथून येतो. दोन मिनिटांचं काम, कात्री आणि जुन्या वहीचा पुठ्ठा पुरतो.

दुसऱ्या तऱ्हेने सांगायचं तर हे सूत्र म्हणजे सरासरी घेण्याचा परवाना आहे. रस्त्यापासून मागे चालत जा. प्लॉटची रुंदी ४० पासून ७० पर्यंत वाढत जाते, आणि एकसारखी वाढते. प्रत्येक पावलाला तेवढीच भर. एखादी गोष्ट अशी एकसारखी बदलत असेल, तर पहिली आणि शेवटची घेऊन सरासरी काढलेली चालते. रुंदीची सरासरी ५५, ती गुणिले जितकं अंतर सरळ मागे चाललात ते. परवाना एवढाच. तिरक्या कुंपणाच्या लांबीची सरासरी काढायला त्यात परवानगी नाही, कारण तुम्ही कुंपणावरून तिरके चालत नाही आहात, सरळ मागे जात आहात.

हा परवाना किती जुना असेल? २०१६ साली मॅथ्यू ओसेनड्रायव्हर या अभ्यासकाने 'सायन्स' या नियतकालिकात बॅबिलोनच्या काही मातीच्या विटांवर एक लेख लिहिला. इसवी सनापूर्वी ३५० ते ५० च्या दरम्यानच्या या विटा. गुरू ग्रह दिसू लागल्यापासूनच्या पहिल्या ६० दिवसांत आकाशात किती सरकतो, याचं गणित त्यांवर आहे. सुरुवातीला वेग दिवसाला १२ कला, साठाव्या दिवशी साडेनऊ कला, आणि वेग एकसारखा कमी होत जातो असं धरलेलं. सरासरी पावणेअकरा कला, गुणिले ६०. उत्तर ६४५ कला, म्हणजे १० अंश ४५ कला. हे गणित त्यांनी समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणूनच मांडलं होतं. एक बाजू सुरुवातीचा वेग, समोरची बाजू शेवटचा वेग, उंची म्हणजे काळ. मामांचा प्लॉट आणि बॅबिलोनचा गुरू, सूत्र एकच! मला हे वाचून पहिल्यांदा काटा आला होता अंगावर.

आपल्याकडे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात हेच सांगितलंय, दोन समांतर बाजूंच्या बेरजेचं निम्मं गुणिले उंची. म्हणजे बरोबर सूत्र माहीतच नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

आता एजंटचं सूत्र. तुम्ही म्हणाल, हे त्याने कुठून काढलं? मंडळी, हे सूत्रही तितकंच खानदानी आहे. इजिप्तमध्ये एडफू गावी होरस देवाचं मंदिर आहे. तिथे इसवी सनापूर्वी १०० च्या आसपासच्या कोरीव लेखांत देवळाला दिलेल्या शेतांची यादी आहे, आणि प्रत्येक शेताचं क्षेत्रफळ समोरासमोरच्या बाजूंच्या सरासऱ्यांचा गुणाकार करून काढलंय. शेत त्रिकोणी असेल तर चौथी बाजू 'काही नाही' असं धरून तेच सूत्र दामटलंय. कोडमध्ये आपण स्पेशल केस टाळायला असंच काहीतरी करतो आणि नंतर सहा महिने बग शोधत बसतो :)

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये हे सूत्र दिलंय, पण त्याने त्याला स्पष्ट नाव दिलं, स्थूल फळ. आणि त्याच श्लोकात पुढे सूक्ष्म फळ दिलं. चारही बाजूंच्या बेरजेचं निम्मं घ्या, त्यातून एकेक बाजू वजा करा, आलेल्या चार आकड्यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. स्थूल आणि सूक्ष्म, एकाच श्लोकात शेजारी शेजारी, लेबल लावून. याला म्हणतात डॉक्युमेंटेशन. पुढच्या तेरा-चौदाशे वर्षांत लेबल गळून पडलं आणि स्थूल सूत्र तेवढं एजंटच्या वहीत उरलं.

ब्रह्मगुप्ताचं सूक्ष्म सूत्रसुद्धा सगळ्या चौकोनांना चालत नाही. ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर बसतात अशाच चौकोनाला ते तंतोतंत लागू पडतं. पण त्याचा एक सुंदर उपयोग आहे. ठरलेल्या चार बाजूंनी जास्तीत जास्त जेवढी जागा घेरता येते, तेवढं बरोबर त्याचं उत्तर असतं. मामांच्या प्लॉटला लावून बघू. बेरीज २००, निम्मे १००. वजाबाक्या ६०, ५०, ३० आणि ६०. गुणाकार ५४ लाख. वर्गमूळ साधारण २३२४.

म्हणजे ४०, ५०, ७०, ४० अशा चार बाजूंचं कुंपण तुम्ही कसंही वाकवा, कोपरे हवे तसे दाबा, त्यात २३२४ चौरस फुटांच्या वर जमीन मावतच नाही. एजंटचे २४७५ या पृथ्वीवर शक्यच नाहीत!

असं का होतं तेही बघण्यासारखं आहे. (गणिताचा कंटाळा असेल त्यांनी हा एक परिच्छेद गाळावा, राग नाही.) चौकोनाचा एक कर्ण काढा, दोन त्रिकोण मिळतात. दुसरा काढा, आणखी दोन. या चारही त्रिकोणांची बेरीज म्हणजे चौकोनाची दुप्पट. प्रत्येक त्रिकोण हा शेजारशेजारच्या दोन बाजूंचा असतो, आणि दोन बाजू ठरलेल्या असल्या तर त्यांच्यामधला कोन काटकोन असताना त्रिकोण सगळ्यात मोठा होतो, त्या दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्मा. म्हणून चौकोनाचं क्षेत्रफळ शेजारच्या बाजूंच्या चार गुणाकारांच्या बेरजेच्या पाव हिश्श्याहून कधीच जास्त नसतं. आपल्या प्लॉटला ते चार गुणाकार २०००, ३५००, २८०० आणि १६००. बेरीज ९९००, पाव हिस्सा २४७५. ओळखीचा आकडा! एजंटचं सूत्र म्हणजे 'चारही कोपरे काटकोनात आहेत' असं न बोलता धरून चालणं. तसे नसले की उत्तर फुगतं. आणि नेहमी फुगतंच, चुकूनही कमी येत नाही. म्हणजे या चुकीचा फायदा कायम विकणाऱ्याला आणि तोटा कायम घेणाऱ्याला.

मग इतकी शतकं हे सूत्र टिकलं कसं? कारण बहुतेक वेळा ते चालतं. समजा प्लॉट पुढे ४० फूट, मागे ४१ फूट, आणि एक बाजू ६० फूट काटकोनात. खरं क्षेत्रफळ २४३०. एजंटच्या सूत्राने फरक येतो पाव चौरस फुटाहूनही कमी. एवढ्यासाठी कोण भांडणार? शंभरातले नव्वद प्लॉट असे जवळजवळ आयताकृती असतील तर नव्वद वेळा सूत्र पास. विश्वास बसतो. आणि मग एक दिवस गोमुखी प्लॉट येतो. आमच्या धंद्यात याला म्हणतात, सगळ्या टेस्ट केसेस सोप्या होत्या.

आणि इथेच माझं खरं म्हणणं येतं. माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या पुस्तकात समलंब चौकोन आहे. तिला विचारलं, सूत्र काय? खडखडा म्हणाली. विचारलं, एजंटचं सूत्र चालेल का? म्हणाली, "पुस्तकात नाहीये, म्हणजे चुकीचं असेल." उत्तर बरोबर, कारण साफ चूक. उद्या तेच सूत्र कुठल्या गाईडमध्ये छापून आलं तर ती तेही खडखडा म्हणेल. दोष तिचा नाही. परीक्षेत उंची आयती दिलेली असते, समांतर बाजू आयत्या दिलेल्या असतात, आकृतीत काटकोनाची छोटी चौकट काढून दिलेली असते. मुलांनी करायचं काय, तर तीन आकडे सूत्रात टाकायचे. खऱ्या प्लॉटवर यातलं काहीही लिहिलेलं नसतं. तिथे बाभळीचं कुंपण असतं आणि पन्नास फुटी टेप.

मला वाटतं, कुठलंही सूत्र शिकवताना त्याची अट आधी शिकवावी आणि सूत्र मागून. कोणत्या दोन बाजू समांतर आहेत आणि ते तुला कसं कळलं? उंची कुठे आहे, दाखव. ती कुंपणावर आहे की हवेत? एवढे दोन प्रश्न परीक्षेत आले तरी पुरे. एक तिरका चौकोन द्या, चार बाजू द्या, आणि विचारा, क्षेत्रफळ काढता येईल का? 'नाही, माहिती अपुरी आहे' या उत्तराला पूर्ण मार्क.

हे काही माझं नवं खूळ नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत हेच म्हटलंय, आणि फार कडक शब्दांत. (तेच भास्कराचार्य, ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला सापडला.) त्यांचा मुद्दा असा की चार बाजू त्याच ठेवून चौकोन दाबला की कर्ण बदलतात, मग क्षेत्रफळ एकच कसं राहील? कर्ण किंवा लंब न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो त्याला ते पिशाच म्हणतात, आणि जो उत्तर देतो तो त्याच्याहून मोठा पिशाच! साडेआठशेहून जास्त वर्षं झाली, आणि आपण अजून मुलांना माहिती अपुरी असल्याचं उत्तर लिहायला घाबरवतोय.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे. आमच्या एका शिक्षक मित्राने तो फोनवरच घेतला. वर्गात साठ मुलं, पोर्शन संपवायचा, कात्री-पुठ्ठे कधी करणार? आक्षेप खरा आहे, तो उडवून लावण्यात अर्थ नाही. पण सूत्र घोकून घ्यायला जेवढे तास जातात, त्यातला एक तास मागतोय मी. पुठ्ठा फिरवून ज्याने एकदा पाहिला, त्याला सूत्र घोकावं लागत नाही. वेळ वाचतोच, उलट.

जाता जाता प्लॉट घेणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. एक, चार बाजूंबरोबर निदान एक कर्ण मोजा. कर्ण मिळाला की दोन त्रिकोण झाले, आणि तीन बाजू ठरल्या की त्रिकोण हलत नाही. दोन्ही कर्ण मोजलेत तर आणखी बरं. मामांच्या प्लॉटचे कर्ण साडेछप्पन्न आणि साडेऐंशी फुटांच्या आसपास आले. एवढा फरक दिसला की आयताचा विषयच संपला. जुन्या साखळी-मोजणीतही मोजणीदार कुंपणाच्या सरासऱ्या काढत नसे. तो शेतातून एक आधाररेषा आखायचा, तिच्यावर कोपऱ्यांपासून लंब टाकायचा, आणि शेत त्रिकोण आणि समलंब चौकोनांत वाटून घ्यायचा. त्याला अट माहीत होती.

दुसरी, मोबाइल खिशात घेऊन प्लॉटला फेरी मारायची ॲप्स निघालीत, त्यांच्यावर गावठाणात भरवसा ठेवू नका. आतलं गणित चोख असतं. प्रत्येक कडेखाली एक समलंब चौकोन धरायचा, जाताना मिळवायचा आणि येताना वजा करायचा, उरतो तो प्लॉट. पण मोबाइलचं जीपीएस सहज चार-पाच मीटर चुकतं. पाच एकराच्या शेतात ते खपून जाईल. चाळीस फुटांच्या, म्हणजे जेमतेम बारा मीटरच्या बाजूला पाच मीटरची चूक म्हणजे कल्याण. टेपच बरी.

तर मामांचं पुढे काय झालं? मी सगळं कागदावर काढून पाठवलं, आणि मामा तो कागद घेऊन विकणाऱ्या गृहस्थांकडे गेले. त्यांचा चेहराच उतरला म्हणे. कारण त्यांनी हा प्लॉट पंधरा वर्षांपूर्वी घेतला तेव्हा याच सूत्राने २४७५ फुटांचे पैसे मोजले होते. ते २७५ फूट त्यांनीही विकतच घेतले होते! त्यांच्या आधीच्याने काय केलं देव जाणे. चूक वारसाहक्काने चालत आलेली, आणि जो दुरुस्त करणार त्याच्या गळ्यात पडणार.

मी फोनवर तावातावाने म्हणालो, "मामा, २२०० चे पैसे द्या, एक रुपया जास्त देऊ नका."

मामा म्हणाले, "अरे, उद्यापासून शेजारी राहायचंय त्यांच्या. निम्मं त्यांनी सोसलं, निम्मं मी."

म्हणजे मामांनी २४७५ आणि २२०० ची सरासरी काढली, २३३७.५ फूट, ४६ लाख ७५ हजार. मी मनातल्या मनात ब्रह्मगुप्ताचे २३२४ आठवले. हाही आकडा त्या कुंपणात मावत नाही, पण तोंड बंद ठेवलं. माणसांमधल्या सरासरीची अट वेगळी असते, ती मामांना माझ्यापेक्षा जास्त कळते.

एक मात्र मी हट्टाने करून घेतलं. नव्या खरेदीखतात चार बाजूंबरोबर दोन्ही कर्ण लिहिलेत आणि क्षेत्रफळ २२०० चौरस फूट. पुढे कधी कुणी तो प्लॉट घेईल, त्याला हवेतली जमीन विकत घ्यावी लागणार नाही.

तुमच्या घरी जुनी खरेदीखतं असतील तर या रविवारी एकदा काढून बघा. टेप घेऊन जा, कर्ण मोजा. मुलांना बरोबर न्या. गणिताचा तासही होईल.